घर बांधण्यापूर्वी परवानगी केव्हा घ्यावी?

सुगी साधली म्हणजे पुष्कळ शेतकरी कुटुंबांत घराचा विचार सुरू होतो. गवंडी ठरतो, दगड-विटा येऊन पडतात, आणि परवानगीची आठवण बहुधा पाया खोदून झाल्यावर होते. हा क्रम उलटा आहे. परवानगी म्हणजे केवळ कागद नव्हे. जमीन, पाया, भिंत व छप्पर यांचा विचार पहिला दगड बसण्यापूर्वी व्हावा, यासाठीची ती तरतूद होय.

1993 चा धडा

लातूर जिल्ह्यास हे निराळे सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे दगावली. बहुतेक मृत्यू घरे कोसळून झाले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफलेले नव्हते. ते सुटून ढासळले आणि माळवदाच्या मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. तोपर्यंत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंप विभागात गणला जाई; 2002 च्या भारतीय मानकात तो तिसऱ्या विभागात घेण्यात आला.

परवानगी कोठे व केव्हा?

1. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 नुसार गावाच्या हद्दीत नवे घर बांधण्यास, तसेच जुने पाडून पुन्हा उभारण्यास, ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते.

2. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने लहान भूखंडधारकांस सवलत दिली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद, आराखडा व तज्ज्ञाचा दाखला सादर करून काम सुरू करता येते. 300 चौरस मीटरपर्यंत परवानगी 10 दिवसांत मिळावी, अशी योजना आहे. सवलत प्रक्रियेपुरती आहे. नियम पाळण्यापासून सूट नाही.

3. गोठा, अवजारांची व धान्याची खोली, कुटुंबाचे किंवा गड्याचे शेतावरील घर ही जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे शेतीचीच बांधकामे होत. दुकान वा कारखाना काढल्यास मात्र जमिनीचा वापर बदलतो. या बाबतीतील नियम वेळोवेळी बदलले आहेत. म्हणून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आधी चौकशी करावी.

4. लातूर शहरात महानगरपालिकेकडे, तर उदगीर, औसा, निलंगा यांसारख्या गावी नगरपरिषदेकडे अर्ज करावा.

5. गिलावा, चुना, फुटका पत्रा बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीस सामान्यतः परवानगी लागत नाही. मजला चढविणे किंवा खोली वाढविणे ही दुरुस्ती नव्हे, बांधकाम होय.

एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नमुना 8 वर घराची नोंद झाली म्हणजे परवानगी मिळाली, असे नाही. ती कर आकारणीची नोंद आहे.

आराखड्यात काय पाहावे?

काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया या थराखाली घट्ट मुरमापर्यंत न्यावा. दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावेत. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर व छपराखाली सलग सळईचा काँक्रीट पट्टा फिरवावा. छप्पर हलके ठेवावे. गळती थांबविण्यासाठी माळवदावर दरवर्षी माती चढवीत जाऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि जेथे पाया आखला जात असेल तेथे स्वतः जाऊन विचारपूस करावी. आराखड्यातील चूक पेन्सिलीने सुधारता येते. उभ्या भिंतीतील चूक सुधारणे फार खर्चाचे असते. तेव्हा शेतकरी बांधवांनी गवंड्यास विसार देण्यापूर्वी ग्रामपंचायतीची पायरी चढावी.