भिंतीवरची जाहिरात आणि मनातली भीती

यवतमाळहून दारव्ह्याकडे जा नाहीतर पांढरकवड्याकडे, कुठल्यातरी भिंतीवर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' हे शब्द दिसतातच. मोठ्याने ते कुणी वाचत नाही. पण लग्न ठरलेला तरुण मनातल्या मनात वाचतो आणि घाबरतो. लग्न असो की निकाह, ही भीती दोन्ही मांडवांत सारखीच.

ती आजची नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी २६ वर्षे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात ते लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या शंकांना उत्तरं देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, दंड झाला, पण कर्वे थांबले नाहीत. प्रश्न विचारणं हे पाप नाही, एवढंच त्या दोघांचं म्हणणं होतं.

आता शंकांकडे वळू. पहिली, वीर्य गेलं की शक्ती जाते. रक्ताच्या अमुक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे ऐकीव गणित खोटं आहे. वीर्याचा मोठा भाग म्हणजे ग्रंथींचा स्राव, आणि शुक्रजंतू शरीरात सतत तयार होत असतात. स्वप्नदोष किंवा हस्तमैथुन यांनी अशक्तपणा येत नाही. खंगवते ती चिंता.

दुसरी शंका आकाराची. २०१५ साली जगभरातल्या सुमारे १५ हजार पुरुषांच्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी १३ सेंटिमीटरच्या आसपास भरली. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून स्वतःला मोजणं म्हणजे सिनेमातल्या मारामारीवरून आपलं बळ ठरवणं. पिळदार देहासाठी व्यायामशाळेत कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं, तर दूर राहा. त्याने दंड फुगतात, पण अंडकोश आकसतात आणि शुक्रजंतू घटतात.

तिसरी भीती पहिल्या रात्रीची. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्तवाहिन्या आवळतात, आणि ताठरतेला लागणारा रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणजे अपयश भीतीतून येतं आणि अपयशातून पुन्हा भीती. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल, तर बहुधा शरीर ठीक आहे, घोर मनाला आहे.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतात, कारण लाजेला गिऱ्हाईक मिळतं. कापसाच्या चुकाऱ्यातले हजारो रुपये अशा पुड्यांत जातात. तक्रार महिनोन्‌महिने टिकली तर त्यामागे मधुमेह किंवा रक्तदाबही असू शकतो. तंबाखू आणि दारूही घात करतात. अशा वेळी तंबूतल्या वैदूकडे न जाता डॉक्टरांकडे जा. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

आणि सगळ्यात आधी बायकोशी बोला. ती परीक्षक म्हणून आलेली नसते. अनोळखी घरात तीही भेदरलेलीच असते. तिची इच्छा विचारणं, ती नको म्हणाली तर थांबणं, दोघांनी एकमेकांना वेळ देणं, यातच पुरुषाची खरी परीक्षा आहे. तिला कुठल्याही पुडीची गरज नाही.