अक्षराचे वळण, पत्र्याचे वळण

माझा भाचा नववीत असताना त्याला इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचे होते. रंगांसाठी त्याने माझ्याकडे पैसे मागितले. मी कविता लिहिणारा माणूस; पण तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि शेजारच्या कारखान्याला नुकतेच टाळे लागले होते. मी म्हणालो, ‘‘बेटा, चित्रांनी पोट भरत नाही. आयटीआय कर.’’ त्याने ऐकले. पॅटर्न मेकर झाला, ओतकामासाठी लाकडाचे नमुने घडवू लागला. आज तो आमच्याच पिंपरी-चिंचवडमधल्या एका डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलर आहे. गाडी पत्र्यात उतरण्याआधी मातीत घडते, ती घडवणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या साहेबांनी एकदा मला तिथल्या मुलांशी बोलायला बोलावले. बोलायला गेलो आणि शिकून आलो. मित्रहो, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

फाटकावर फोन जमा करून घेतला. आत मोठे दालन, कापडाने झाकलेली मॉडेले, आणि एका भिंतीवर चित्रेच चित्रे : दगडी जाळी, पैठणीचा पदर, नदीतले गुळगुळीत गोटे, बैलाची वशिंड. मला वाटले, आता ही मंडळी पैठणीचा मोर टेम्पोवर रंगवणार. तसे नव्हते. पदरावरून रंगाशेजारी रंग कसा बसवायचा ते पाहायचे आणि वशिंडावरून ताकद दिसण्यासाठी उंचवटा कुठे हवा ते. नक्कल करायची नाही, मर्म उचलायचे. आम्ही तरी दुसरे काय करतो? तुकोबांची देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या ओळी चोरून कोणी कवी होत नाही. थोडक्यात नेमके कसे बोलावे, हे मात्र त्यांच्याकडून शिकता येते.

तिथे त्या दिवशी मालवाहू टेम्पोचे काम चालले होते. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ते एक माणूस कल्पितात : त्याचे वय, गाव, कमाई, सवयी. कथालेखक पात्र उभे करतो तसेच. त्यांचा माणूस होता चाकणच्या बाजारातून पहाटे कांदा भरून नेणारा ड्रायव्हर. मला म्हणाले, ‘‘सर, याच्याबद्दल सांगा.’’ असे ड्रायव्हर मी आयुष्यभर पाहिले आहेत. मी सांगितले, तो चपला काढून गाडी चालवतो, त्या ठेवणार कुठे? डबा कलंडू नये म्हणून तो मांडीपाशी घेतो. आरशाला कोणी माळ बांधतो, कोणी तसबीह. रात्री बाजारात रांग लागली की तो सीटवरच पाय मुडपून झोपतो. मुले भराभर टिपून घेत होती. पुढच्या चित्रांत सीटखाली चपलांना खण आणि डब्याला कडेची पट्टी आली. साहित्याचा उपयोग तो हाच. साहित्य वाचले म्हणून गाडीचा आकार सुचतो असे नाही; पण दुसऱ्याच्या जागी बसून पाहण्याची सवय लागते.

मग भाच्याचे काम पाहिले. ही क्ले कुंभाराची माती नव्हे. ती मेणमिश्रित असते. भट्टीत ऊन करून मऊ झाली की फोम आणि लाकडाच्या सांगाड्यावर थापतात आणि थंड झाली की पोलादी पट्ट्यांनी खरवडतात. शेवटी वर चकचकीत फिल्म ताणून बसवतात आणि छतावरच्या नळीदिव्यांचे प्रतिबिंब पाहतात. प्रकाशाची रेघ सलग वाहिली तर वळण बरोबर. कुठे थरथरली तर पुन्हा खरवडायचे. भाचा म्हणाला, ‘‘मामू, घालण्यापेक्षा काढण्याचंच काम जास्त आहे.’’ कवितेचेही तसेच असते, हे मी त्याला सांगितले नाही. त्याला ते माझ्याआधी समजले होते.

मला आठवले माझे लहानपण. अब्बा बोरूने उर्दू अक्षरे गिरवून घेत. बोरूच्या टोकाने एक चौकोनी ठिपका काढायचा आणि अलिफ किती ठिपक्यांचा, हे मोजायचे. ही मोजणी दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला याने घालून दिली असे मानतात. ठिपका मोठा केला की सगळे अक्षर त्याच प्रमाणात मोठे होते. स्टुडिओतली मुले गाडीची लांबी-उंची चाकाच्या मापात मोजत होती. चाक हा त्यांचा ठिपका!

आपल्या पट्ट्याला हे नवे नाही. आकुर्डीत 1972 साली बजाजची ‘चेतक’ निघाली. तिचा घाट इटलीच्या वेस्पावरून आलेला, पण नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, चारण-कवींनी आणि लोककथांनी जिवंत ठेवलेले. 2019 साली विजेवरची चेतक आली, ती चाकणच्या कारखान्यातून. इंजिन गेले, नाव, पत्र्याचे अंग आणि जुन्या गोलाईची आठवण राहिली.

आणि कवी डिझाइनर होऊ शकतो का, असे कोणी विचारले तर मी र. कृ. जोशी यांचे नाव घेतो. ते मराठीतले कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात शिकवणारे. संगणकावर आपण वर्षानुवर्षे वाचत आलेले ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर त्यांनी घडवले. शब्दाचा नाद ज्याच्या कानात आहे, त्याच्या हातून अक्षराला वळण लागले.

निघताना मी भाच्याला म्हणालो, ‘‘तेव्हा रंगांना पैसे द्यायला हवे होते मी.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘मामू, लाकडाने हात तयार झाला, ते वाया नाही गेलं. पण माझ्या वर्गातला एक माझ्यापेक्षा चांगलं काढायचा. त्यालाही घरून नाहीच मिळाले. तो आता कुठे आहे, माहीत नाही.’’

तो दुसरा मुलगा माझ्या मनातून जात नाही. या पट्ट्यात हजारो घरांतून आई-वडील पाळीला जातात आणि मुले वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्या काढतात. त्यांतला प्रत्येक जण डिझाइनर होणार नाही, आणि आयटीआयही वाईट नाही. पण रंगांची एक पेटी आणि वाचनालयाची वर्गणी यांना फारसा पैसा लागत नाही. मूल मागेल तेव्हा माझ्यासारखे उत्तर देऊ नका.