जुनी कार, नवी एसयूव्ही : लांबी आणि सीसी आधी बघा

‘एमएच-२९’ पाटीची खासगी कार १५ वर्षांची झाली की फेरनोंदणी पाच-पाच वर्षांचीच मिळते. नवी घेताना रंगाआधी माप बघा. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. टाटा नेक्सॉन १८ टक्क्यांत बसते. ब्रेझाची लांबी बसते, पण १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन तिला ४० टक्क्यांत नेते. सुरक्षेचे तारे मात्र सोडू नका. डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय कार. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्याने वावरात जाणाऱ्यांनी जमिनीपासूनची उंचीही विचारावी. चाचणी फेरीला घरच्यांना मागच्या सीटवर बसवा आणि एसी पूर्ण चालू ठेवा.