उद्यान-स्वयंसेवक आणि विद्यापीठीय ज्ञानाचा विस्तार

प्रयोगशाळेत व प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेले ज्ञान सामान्य माणसाच्या परसापर्यंत कोणी पोहोचवावयाचे, हा कृषिविस्ताराचा मूलभूत प्रश्न होय. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारकार्यास संघराज्याचे साहाय्य मिळू लागले. ही व्यवस्था प्रामुख्याने शेतकरी व ग्रामीण कुटुंबे यांच्यासाठी होती. पुढे नगरे विस्तारली आणि घरबागेविषयीच्या पृच्छांचा भार मोजक्या विस्तार-अधिकाऱ्यांवर पडू लागला. वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल व टॅकोमा या नगरांच्या परिसरात तर व्यावसायिक उत्पादकांसाठी त्यांना पुरेसा वेळ उरेना.

यावर १९७२ मध्ये डेव्हिड गिबी व बिल शीअर या तेथील राज्य विद्यापीठाच्या दोन विस्तार-अधिकाऱ्यांनी एक उपाय सुचविला. हौशी बागाइतांस विद्यापीठाने शिक्षण द्यावे आणि त्या मोबदल्यात त्यांनी ठराविक तास लोकांस विनामूल्य सल्ला द्यावा, अशी ती योजना होती. १९७३ मध्ये पहिले प्रशिक्षणवर्ग भरले. ‘मास्टर गार्डनर’ या नावाने ती पुढे अमेरिकेच्या इतर राज्यांत व कॅनडातही पसरली.

अशा योजनेबाबत एक शंका साहजिकच उद्भवते. अल्पशिक्षित सल्लागाराने चुकीचे औषध सुचविल्यास हानीचे उत्तरदायित्व कोणाचे? या शंकेचे उत्तर प्रशिक्षणाच्या स्वरूपातच शोधावे लागते. मृदा, वनस्पतिशास्त्र, कीड व रोग यांची माहिती त्यात असतेच. परंतु उपायाआधी निदान, हा त्याचा खरा गाभा होय. उदाहरणार्थ, टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडला की गृहस्थ बुरशीनाशक मागतो. वास्तविक हा बुरशीचा रोग नव्हे. फळास कॅल्शियम अपुरे पडल्याने ही विकृती उद्भवते, आणि त्याचे कारण पुष्कळदा जमिनीतील कॅल्शियमची उणीव हे नसून अनियमित पाणी हे असते. येथे फवारणी निरर्थक ठरते; पाणी किती दिवसांनी व किती दिले जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

याप्रमाणे स्वयंसेवकाची योग्यता त्याच्या उत्तरांच्या संख्येवरून ठरत नाही. संशोधनाने पारखलेले तेवढेच सांगावे आणि जेथे आपले ज्ञान संपते तेथे प्रश्न तज्ज्ञाकडे सोपवावा, ही शिस्त त्याने कितपत अंगी बाणविली आहे यावरून ती ठरते. ती शिस्त सुटल्यास त्याचा सल्ला शेजाऱ्याच्या ऐकीव सल्ल्याहून निराळा राहत नाही. किंबहुना विद्यापीठाचे नाव त्यास जोडलेले असल्याने तो अधिक घातक ठरतो.