साखळीची घडण आणि प्लॅस्टिकचा स्वभाव

सकाळी दारात येऊन पडणारी दुधाची पिशवी आणि न्हाणीघरात पाणी साठविण्याकरिता ठेवलेले निळे पिंप ही दोन्ही मुख्यत्वे एकाच एथिलीन वायूपासून, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून सिद्ध होतात, हे सांगितले असता सामान्य गृहस्थास ते सहसा खरे वाटत नाही. कारण पहिली वस्तू मुठीत चुरगळते, तर दुसरी पालथी घालून तिच्यावर धडधाकट माणूस उभा राहिला तरी दबत नाही. ही तफावत द्रव्याची नसून घडणीची आहे. हजारो अणूंची साखळी सरळ आहे की तिला फांद्या फुटल्या आहेत, आणि तिच्या अंगावरील लहान गट कोणत्या बाजूस बसले आहेत, यावरून तिला स्फटिकाच्या शिस्तीत बसता येईल की नाही हे मुकरर होते. आणि काठिण्य, पारदर्शकता, वितळणबिंदू यांचा बराचसा कारभार त्या एका गोष्टीवर चालतो.

इंग्लंडातील विनिंग्टन येथे मार्च १९३३ मध्ये गिब्सन आणि फॉसेट या रसायनज्ञांनी एथिलीन व बेंझाल्डिहाइड यांवर सुमारे १,९०० वातावरणांचा दाब देऊन पाहिला, तेव्हा अपेक्षित विक्रिया झाली नाहीच, परंतु पात्रात मेणासारखा थोडा पांढरा पदार्थ मिळाला, आणि तेच पहिले पॉलिथीन. एवढ्या दाबाखाली वाढणाऱ्या साखळीचे टोक मागे वळून आपल्याच अंगावरचा हायड्रोजन हिरावून घेते, आणि तेथून पुढची वाढ सुरू झाल्याने मागे आखूड फांदी लटकत राहते. हजार कार्बन अणूंमागे अशा वीसएक फांद्या सहज असतात. स्फटिकाच्या दाट रांगेत या फांद्यांना शिरकाव नसल्यामुळे द्रव्याचा सुमारे अर्धाच भाग सुव्यवस्थित होतो, घनता ०.९२ च्या आसपास राहते, आणि ११० अंश सेल्सियसच्या सुमारास तो वितळतो. पुढे १९५३ साली जर्मनीत म्युल्हाइम येथे कार्ल झिग्लर यांनी अॅल्युमिनियम व टायटॅनियम यांच्या संयुगांचा उत्प्रेरक वापरून साध्या वातावरणीय दाबाखाली जवळजवळ बिनफांदीची साखळी तयार केली. तिची घनता ०.९५ च्या वर गेली, वितळणबिंदू १३० अंशांपलीकडे गेला, आणि पिंपाजोगे कणखर द्रव्य हाती आले.

सरळ साखळीसुद्धा स्फटिकात बसते कशी, हा प्रश्न मात्र त्यानंतरही काही काळ तसाच राहिला. एकच साखळी अनेक स्फटिककणांतून आरपार जात असावी, असा तोवरचा रूढ समज होता. ब्रिस्टल येथील अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली सरळ पॉलिथीन ऊन झायलीनमध्ये विरघळवून सावकाश निववले, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शंकरपाळ्याच्या आकाराचे पातळ पापुद्रे दिसले. त्यांची जाडी मिलिमीटरच्या लक्षांशाइतकी, म्हणजे साखळीच्या लांबीच्या मानाने अगदी क्षुल्लक; आणि विवर्तनाचा दाखला तर असा की साखळ्या पापुद्र्याच्या पृष्ठावर काटकोनात उभ्या आहेत. तेव्हा नऊवारी लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे साखळी पुनःपुन्हा दुमडली जाते, यावाचून दुसरा निष्कर्ष संभवत नव्हता. वितळलेले प्लॅस्टिक थिजते तेव्हाही असेच पापुद्रे एका केंद्रातून चोहोबाजूंस वाढून गोल पुंजके बनतात, आणि मधल्या जागेत गुंतलेल्या साखळ्या अव्यवस्थितच राहतात. प्लॅस्टिक आघाताने काचेसारखे तडकत नाही, याचे बरेचसे श्रेय या अपुऱ्या शिस्तीस द्यावे लागेल. झिग्लर यांना पुढे नोबेल पारितोषिक लाभले. केलर यांचे नाव मात्र त्या विषयाच्या अभ्यासकांबाहेर क्वचितच कोणास ठाऊक असते, हे माझ्या मते अन्यायाचे आहे.

१९६३ चे ते पारितोषिक झिग्लर यांच्यासमवेत वाटून घेणारे मिलानचे जुलिओ नट्टा यांनी १९५४ मध्ये प्रोपिलीन वायूवर तशाच उत्प्रेरकाचा प्रयोग केला. येथे एकाआड एक कार्बनवर मेथिल गट येतो. हे गट दोन्ही बाजूंस वाटेल तसे विखुरले तर साखळीस स्फटिकात स्थान मिळत नाही, आणि डांबरात मिसळण्याजोगा चिकट पदार्थ उरतो. सर्व गट एकाच बाजूस आले की साखळी तीन-तीन घटकांचा एकेक वेढा घेत मळसूत्रासारखी वळते, नेटकी रचली जाते, आणि १६५ अंशांच्या सुमारासच वितळते. इस्पितळातील १२१ अंशांची वाफ पॉलिप्रोपिलीनची पिचकारी सोसते, ती याच बळावर.

पाण्याच्या पारदर्शक बाटलीची कैफियत निराळी. ती ज्या पॉलिएस्टरची असते, त्याच्या साखळीत बेंझीनची ताठर वलये असल्याने तिचे स्फटिकीभवन मंद गतीने होते, आणि द्रव झटपट थंड केला तर ते घडतच नाही. प्रथम जाड नळी ओतून ती झटक्याने निववितात. मग पुन्हा तापवून, लांबीत ताणून व हवेने फुगवून बाटली करतात. त्या ताणाने साखळ्या ताणाच्या दिशांना लागून अतिसूक्ष्म स्फटिक बनतात. ते प्रकाश विखुरण्याइतके मोठे नसल्याने बाटली नितळ राहते, आणि पातळ असूनही बळकट होते. गळ्याचा आट्यांचा भाग मात्र ताणला जात नाही, म्हणून तो जाडच ठेवावा लागतो. सुमारे ७५ अंशांपलीकडे ताणलेल्या साखळ्यांस हालचालीची मुभा मिळते आणि त्या पुन्हा आकसू पाहतात. म्हणून रिकाम्या बाटलीत चहा अथवा कढत पाणी भरण्याचा मोह वाचकांनी टाळावा, बाटली हमखास वेडीवाकडी होते.