शून्य नोंदीचा अर्थ : रुग्णालयातील प्रारण-मापनासंबंधी काही विचार

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या व्यक्तीच्या छातीवरील टी.एल.डी. बॅज हे संरक्षणाचे साधन आहे, असा एक समज रुग्णालयांतून आढळतो. वस्तुतः बॅज कोणाचेही रक्षण करीत नाही. तो केवळ साक्षीदार होय. आणि साक्षीदार घटनास्थळी हजरच नसेल, तर त्याच्या साक्षीला मोल किती, हा प्रश्न मात्रेची नोंद वाचताना प्रत्येक वेळी विचारावयास हवा.

प्रथम बॅजच्या कार्यपद्धतीचा विचार करू. भारतात १९७५ पासून फिल्म बॅजची जागा या बॅजने क्रमाक्रमाने घेतली. यात डिस्प्रोसियमचा अल्पांश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटाच्या तीन चकत्या टेफ्लॉनमध्ये बसविलेल्या असतात. प्रारणाची ऊर्जा शोषली गेली की स्फटिकातील काही इलेक्ट्रॉन जणू सापळ्यांत अडकून पडतात. पुढे प्रयोगशाळेत चकती तापविली असता ते सुटतात व प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश शोषित मात्रेच्या प्रमाणात असतो. कॅल्शियम सल्फेट हे शरीरातील मृदू ऊतींच्या मानाने कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना फारच अधिक प्रतिसाद देते. म्हणून एका चकतीवर धातूचे, दुसरीवर प्लॅस्टिकचे आवरण असते व तिसरी उघडी ठेवलेली असते. तिन्हींच्या नोंदींची तुलना करून प्रारणाचा प्रकार व ऊर्जा यांचा अदमास घेतात आणि मग मात्रा ठरवितात.

ही योजना सुबक आहे खरी. परंतु बॅज कोणाच्या अंगावर होता, हे चकतीला कळत नाही. बॅज टेबलाच्या खणात राहिला तर नोंद शून्य येते. तो क्ष-किरण कक्षातच विसरला, तर माणूस घरी असताना त्याच्या नावावर मोठी मात्रा चढते. एप्रनच्या आत लावावयाचा बॅज बाहेर लावला, तरीही आकडा फुगतो. फुगलेल्या आकड्याची निदान चौकशी होते. प्रसंगी रक्तातील लसीकापेशींच्या गुणसूत्रांत विकृती आहे काय, हेही तपासता येते. खोट्या शून्याची चौकशी मात्र कोण करणार? प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक धोक्याचा आकडा तोच.

हृदयरोगविभागातील कॅथ लॅबमध्ये हा प्रश्न विशेष बिकट होतो. तेथे वैद्याला रुग्णाजवळ उभे राहूनच काम करावे लागते, आणि त्याच्यापर्यंत येणारे प्रारण बहुतांशी रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले असते. नळी टेबलाखाली असल्यास हे विखुरण खालच्या बाजूस अधिक असते. टेबलाला शिशाचा पडदा लावतात तो याचसाठी. एप्रनने धड झाकले जाते, डोळे उघडेच राहतात. अशा स्थितीत एप्रनच्या आतील बॅजची नोंद शून्यवत् आली, तरी नेत्रभिंगाला किती मात्रा मिळाली हे तिच्यावरून कळत नाही. अल्प मात्रेनेही मोतीबिंदू होऊ शकतो असे दिसून आल्यावर आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २०११ मध्ये नेत्रभिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्ट इतकी खाली आणण्याची शिफारस केली. गळ्यापाशी, एप्रनच्या बाहेर, दुसरा मापक लावण्याचा आग्रह धरला जातो त्याचे कारण हेच.

भारतात संपूर्ण शरीरासाठी कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसीव्हर्ट आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. रोजच्या कामात हे आकडे दूरचे वाटतात, आणि सवयी शिथिल होतात त्या येथेच. रुग्णापासून अर्ध्या मीटरवर उभा असलेला साहाय्यक चित्रण चालू असताना एक मीटरवर सरकला, तर त्याची मात्रा सुमारे चतुर्थांश होते. या पावलाला काहीही खर्च नाही. एप्रनची घडी घालणे ही दुसरी वाईट खोड. घडीवर शिशाच्या थराला भेगा पडतात आणि वरून त्या दिसत नाहीत. एप्रन क्ष-किरणांखाली धरल्यावरच त्या उघड होतात.

आणखी एक गोष्ट क्षुल्लक वाटेल. प्रत्येक संस्थेला बॅजच्या संचाबरोबर एक नियंत्रक बॅज येतो. त्याची नोंद नैसर्गिक पार्श्वभूमी म्हणून इतर सर्वांच्या नोंदींतून वजा केली जाते. काम संपल्यावर सर्वांनी आपले बॅज त्याच्याशेजारी, प्रारणमुक्त जागी ठेवावयाचे असतात. ही खुंटी सोयीसाठी क्ष-किरण कक्षाच्या भिंतीवरच ठोकली, तर नियंत्रकालाही मात्रा मिळते, वजाबाकी वाजवीपेक्षा मोठी होते, आणि बॅज प्रामाणिकपणे वापरणाऱ्याच्या नावावरील आकडादेखील उणा येतो.