टीकालेखाचें बळ कशांत असतें?

गांवच्या पुढाऱ्यावर कोणी झोड उठविली कीं आपण चटकन् म्हणतों, “काय झणझणीत लिहिलें आहे!” पण झणझणीतपणा म्हणजे पुरावा नव्हे. हा भेद ध्यानांत यावा म्हणून अशा एका प्रसिद्ध लेखाची घडण आज तपासून पाहूं.

अमेरिकेंतील मिनियापोलिस शहराचे नगराध्यक्ष डॉ. अल्बर्ट अलोंझो एम्स यांच्या कारभारावर लिंकन स्टेफन्स या पत्रकारांनीं ‘मॅक्क्लूअर्स’ मासिकाच्या जानेवारी १९०३ च्या अंकांत ‘द शेम ऑफ मिनियापोलिस’, म्हणजे ‘मिनियापोलिसची नामुष्की’, हा लेख लिहिला. १९०४ सालीं तो इतर शहरांवरील लेखांसह पुस्तकरूपानें निघाला.

त्यांतील पहिली युक्ति स्तुतीची. डॉ. एम्स हे हसतमुख, गरिबांना फुकट औषध देणारे वैद्य होते, हें स्टेफन्स मोकळेपणानें सांगतात. वरवर पाहतां ही आपल्या अलंकारशास्त्रांतील व्याजस्तुति वाटते. पण व्याजस्तुतींत स्तुति हें केवळ सोंग असतें. येथें ती खरी आहे. त्यामुळें लेखक निःपक्षपाती वाटतो, आणि हा माणूस चार वेळां निवडून कसा आला, हेंहि उमगतें.

दुसरी युक्ति विरोधाची. १९०१ सालीं अधिकारावर येतांच एम्स यांनीं भावाला पोलीसप्रमुख केलें. लेखांतील माहितीप्रमाणें २२५ पोलिसांपैकीं १०७ जणांना काढण्याचें ठरलें. बाहेरच्या चोरांना आमंत्रणें गेलीं आणि त्यांच्या एकेका टोळीवर देखरेखीसाठीं गुप्त पोलीस नेमले गेले. हें सारें एखाद्या पेढीची व्यवस्था वर्णावी तशा थंड भाषेंत येतें. लेखक रागावत नाहीं, म्हणून वाचक रागावतो.

तिसरी युक्ति कागदाची. जुगारांत लोकांना लुबाडणाऱ्या एका टोळीची हिशेबवही हातीं लागली होती. तिच्या पानांच्या प्रतिमा मासिकानें छापल्या.

चौथी सर्वांत धीट. स्टेफन्स सारा दोष एम्स यांच्या माथीं मारून थांबत नाहींत. त्यांना मतें देणाऱ्या नागरिकांनाहि ते जाब विचारतात.

तथापि येथेंच वाचकानें सावध असावें. लेखाची रचना गोष्टीसारखी आहे. खलपुरुषासमोर नायक हवा. ती जागा १९०२ सालच्या ग्रँड ज्यूरीचे प्रमुख होवी क्लार्क यांना मिळते. क्लार्क यांचें धैर्य खरें; पण एका शूर पुरुषानें शहर सोडविलें असें वाचल्यावर आपलें काम संपलें, असें वाटण्याचा धोका असतो. शिवाय १९०३ सालीं न्यायालयानें एम्स यांना दोषी ठरविलें, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, व ते तुरुंगांत गेलेच नाहींत. वाचकाची खात्री पटणें आणि कायद्यानें गुन्हा शाबीत होणें, यांत अंतर आहे.

तेव्हां घरीं वर्तमानपत्र हातीं घ्याल तेव्हां एवढें करून पाहा. टीकालेखांतील सर्व विशेषणांवर काट मारा. खालीं नांवें, तारखा, रकमा, कागद उरले तर लेख पुन्हा वाचा, आणि ज्याच्यावर टीका आहे त्याचें म्हणणें काय, तेंहि शोधा. कांहींच उरलें नाहीं, तर तो लेख पुढाऱ्याविषयीं आपणांस कांहीं सांगत नाहीं. लेखकाच्या रागाविषयींच सांगतो.